चौदा स्वार

आम्ही अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोला राहायला गेलो तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरत आलं होतं. नवऱ्याला तिथल्या एका टेलिफोन कंपनीत सॉफ्टवेअरचं काम मिळालं होतं. मी त्याच्या व्हिसावर आले होते, म्हणजे मला नोकरी करता येत नव्हती. नागपूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी सात वर्षं पुस्तकांच्या नोंदी केल्या होत्या. इथे दोन महिन्यांत घरातल्या डब्यांना नंबर घालून झाले आणि माझ्या लक्षात आलं की असं चालायचं नाही.

सार्वजनिक ग्रंथालय आमच्या अपार्टमेंटपासून मैलभर होतं. मध्ये सहा लेनचा रस्ता आणि कुठेही फुटपाथ नाही. मी कडेच्या गवतातून चालत गेले आणि काउंटरवर सांगितलं, मला फुकट काम करायचंय. तिथल्या मुख्य ग्रंथपाल बाईंनी माझ्या घामेजलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा म्हाताऱ्या लोकांना पुस्तकं पोचवायला माणूस हवाय. पण त्याला गाडी लागते."

"शिकते," मी म्हणाले.

गाडी चालवायच्या परीक्षेत दोनदा नापास झाले, दोन्ही वेळा गाडी दोन खांबांच्या मध्ये लावताना. तिसऱ्यांदा पास झाले. पहिल्याच आठवड्यात मला एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी पाठवलं गेलं.

जुन्या गावात रेल्वेलाइनजवळ त्यांचं छोटं लाकडी घर होतं. वय पंच्याऐंशी, लग्न केलेलं नव्हतं, चाळीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेली. पाठ अजून फूटपट्टीसारखी ताठ. डोळे मात्र गेले होते. "मधलं सगळं पुसलंय, कडा तेवढ्या राहिल्यात," त्या म्हणाल्या. "तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही." टेक्सासच्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना तोंडावर 'मॅम' म्हणायचे. मनात मात्र त्या पहिल्या दिवसापासून मावशी होत्या, आणि इथेही मी त्यांना मावशीच म्हणणार आहे.

मी मोठ्या टाइपातल्या दोन कादंबऱ्या नेल्या होत्या. त्यांनी त्या बाजूला ठेवायला सांगितल्या आणि कपाटातून एक जाडजूड ग्रंथ काढायला लावला. चित्रपटसृष्टीतल्या माणसांचा कोश होता तो. कागदाची खूण घातलेलं पान उघडून मी वाचायला लागले. एका दिग्दर्शकावर तीन ओळी होत्या. मूकपटांच्या काळात साहसपट आणि काउबॉयपट दिग्दर्शित केले, त्यांतल्या दोनांची नावं, आणि शेवटी : बोलपट आल्यावर निवृत्त.

"ते माझे वडील," मावशी म्हणाल्या. "शेवटचा शब्द परत वाच."

"निवृत्त."

"बोलपट आल्यावर ते वीस वर्षं रोज पहाटे पाचला कामावर जात होते. डबा मी भरून देत होते. तो शब्द मला तिथून काढायचाय. मी प्रकाशकाला लिहिलं होतं. ते म्हणतात, पुरावा द्या."

"पुरावा आहे?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवलं. "गॅरेजमध्ये तीन खोकी. मला वाचता येत नाहीत. तुला येतात."

खोक्यांमध्ये वह्या होत्या. शर्टाच्या खिशात मावतील अशा, पेन्सिलने लिहिलेल्या, काहींना घोड्याच्या घामाचा वास अजून आहे असं मला उगीचच वाटलं. मी आठवड्यातून दोनदा जायला लागले आणि मग तीनदा. मी मोठ्याने वाचायचे, मावशी मध्येच थांबवून सांगायच्या, आणि त्या दोन्हींतून मला तो माणूस हळूहळू कळत गेला.

हा माणूस टेक्सासमधल्या एका रँचवर घोड्यांना वळण लावायचं काम करत होता. रेल्वेच्या मालडब्यातून घोडे पोचवायला कॅलिफोर्नियाला गेला तो तिथेच राहिला. टेकड्यांमध्ये एक कंपनी सिनेमे काढत होती आणि कड्यावरून घोड्यासकट नदीत उडी मारणारा कुणीतरी त्यांना हवा होता. याने उडी मारली, गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि हात झोळीत घालून तो सेटवर बसून राहिला. एके दिवशी दिग्दर्शक आलाच नाही. सूर्य वर चढत होता, पन्नास घोडे उन्हात उभे होते. मालकाने भोंगा याच्या चांगल्या हातात दिला आणि म्हणाला, तू ओरड. तो ओरडला. संध्याकाळपर्यंत त्याने दोन दिवसांचं काम उरकलं.

त्यानंतर आठवड्याला एक सिनेमा, प्रत्येक दोन रिळांचा. वहीत ऊन कुठून कुठे सरकतं याचे नकाशे आहेत. कॅमेरा खड्ड्यात पुरून त्यावरून घोडागाडी कशी न्यायची, कॅमेऱ्याचं हँडल हळू फिरवलं की पडद्यावर घोडे किती जोरात धावतात, हेही आहे. मग मोठे पाच रिळांचे सिनेमे आले. चार-पाच वर्षं नाव झालं, सुटाबुटातले फोटो निघाले.

आणि मग पडद्यावरची माणसं बोलायला लागली. "वडील शॉट चालू असताना सतत ओरडायचे," मावशी म्हणाल्या. "घोड्यांशी, माणसांशी, कॅमेऱ्याशी. त्यावरच सगळं चालायचं. आता कुठल्यातरी झुडपात माइक लपवलेला, आणि त्यांना सांगितलं, गप्प बसा. त्यांना ते जमलं नाही." स्टुडिओने न्यूयॉर्कहून नाटकवाले दिग्दर्शक आणले. त्यांना संवाद बसवता यायचे, पण घोड्यावर कुठल्या बाजूने चढतात तेही ठाऊक नव्हतं. म्हणून पाठलाग, चकमकी, नदी ओलांडणं, हे सगळं मावशींच्या वडिलांकडे आलं. दुसरी तुकडी घेऊन ते रानात जायचे आणि ही दृश्यं काढून आणायचे. पडद्यावर नाव नाटकवाल्यांचं. असं वीस वर्षं.

पण वही म्हणजे पुरावा नव्हे, हे मला ग्रंथालयात शिकवलेलं होतं. वहीतली नोंद दुसरीकडे जुळवून दाखवायला हवी. त्या काळी सिनेधंद्याची साप्ताहिकं निघत, आणि कोण कुठे शूटिंगला गेलंय याच्या बारीक बातम्या त्यांत असत. मुख्य ग्रंथपाल बाईंनी दुसऱ्या राज्यांतल्या ग्रंथालयांतून त्यांच्या मायक्रोफिल्म, म्हणजे पानांचे फिल्मवर काढलेले बारीक फोटो, मागवून दिल्या. मी मशीनसमोर बसून एकेक पान सरकवत जायचे. दोन तासांनी मळमळायला लागायचं, मग बाहेर जाऊन यायचं आणि परत बसायचं.

"यार, तू हे कशासाठी करतेस?" नवरा एकदा म्हणाला. आम्ही जेवत होतो आणि माझ्या ताटाशेजारी नोंदींच्या कार्डांचा गठ्ठा होता. "रेझ्युमेवर काय लिहिशील? डेड काउबॉय रिसर्च?"

"लिहीन," मी म्हणाले.

तो हसला, पण त्या शनिवारी त्याने ऑफिसातून जुना संगणक आणून मला यादी करायला मदत केली. दीड वर्षात आम्ही चोवीस सिनेमे जुळवले. वहीत जागा आणि दिवस, साप्ताहिकात तीच जागा, तोच आठवडा, आणि 'साहसदृश्यांसाठी' त्यांचं नाव. सगळ्याच्या प्रती काढून मी प्रकाशकाला पाठवल्या. पाच महिने गेले. मग उत्तर आलं : पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होईल. नवी ओळ त्यांनी लिहून पाठवली होती. 'बोलपटांच्या काळात सुमारे वीस वर्षं साहसदृश्यांचं दिग्दर्शन, बहुतांशी नामोल्लेखाविना.' मावशींनी ती माझ्याकडून चारदा वाचून घेतली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे." गणित बरोबर आलेल्या मुलीला म्हणावं तसं.

खरं तर इथे माझं काम संपलं होतं. पण तोवर मी वह्यांची नीट सूची करायला घेतली होती, कारण त्या एखाद्या विद्यापीठाला द्याव्यात असं मावशींच्या मनात होतं. सिनेमांची कार्डं झाली, जागांची झाली, मग मी घोड्यांची घेतली. मावशींच्या वडिलांनी प्रत्येक घोड्याचं नाव लिहिलं होतं, आणि त्याचा स्वभावही. हा डावीकडेच पडतो. ही बंदुकीच्या आवाजाला बुजत नाही, पण पाणी दिसलं की थबकते. याला पावाचा तुकडा दिल्याशिवाय दुसरा टेक घेऊ नका. एकेचाळीस घोडे, एकेचाळीस कार्डं.

एका उन्हाळ्यातल्या सिनेमाच्या पानांवर, त्याच पेन्सिलने, घोड्यांच्या खाली लिहिलेलं असायचं : इंडियन, चौदा. पुन्हा पुढच्या दिवशी : इंडियन, चौदा. म्हणजे या देशाचे मूळ रहिवासी, काउबॉयपटात ज्यांच्यावर गोळ्या झाडतात ते. ही ओळ मी मावशींना पन्नास वेळा तरी मोठ्याने वाचून दाखवली असेल. त्या दिवशी कार्ड लिहायला घेतलं आणि माझं पेन थांबलं. कार्डावर काय लिहायचं?

"काय झालं?" मावशींनी विचारलं.

"घोड्यांना नावं आहेत," मी म्हणाले. "या चौदा माणसांना नाहीत."

"तेव्हा सगळे तसंच लिहायचे."

"हो. पण घोड्यांचं तसं लिहीत नव्हते."

मावशींचा आवाज बदलला. "माझे वडील वाईट माणूस नव्हते."

"मी तसं म्हणत नाही," मी म्हणाले. आणि मग जे मी अमेरिकेत कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं. माझ्या आजोबांच्या गावी एक तलाव आहे. तो खणायला आमच्या वस्तीतली सगळी माणसं दोन उन्हाळे राबली, आजोबा त्यांत होते. तलावाच्या काठावर दगड आहे. त्यावर देणगी देणाऱ्याचं नाव आहे, ज्याच्या हस्ते पूजा झाली त्याचं आहे, कंत्राटदाराचंही आहे. आणि मजूर, साठ. तलाव भरल्यावर त्या साठांना त्याचं पाणी भरायची मनाई झाली. बाबासाहेबांच्या मागोमाग आम्ही बौद्ध झालो, वडील शिकले, मी शिकले. वडिलांना त्या साठांपैकी अकराच नावं शेवटपर्यंत मिळवता आली. ती त्यांनी वहीत लिहून ठेवली आहेत.

मावशी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला थकवा आलाय. गुरुवारी येऊ नकोस."

मी गुरुवारी गेले नाही. पुढच्या आठवड्यातही बोलावणं आलं नाही. मी मायक्रोफिल्मच्या खोलीत बसून राहायचे आणि स्वतःला विचारायचे, म्हाताऱ्या बाईच्या बापाचा न्याय करायचा अधिकार तुला कोणी दिला? पण कार्डांच्या त्या पेटीकडे पाहिलं की पुन्हा वाटायचं, मी बोलले ते चूक नव्हतं. तीन आठवड्यांनी मुख्य ग्रंथपाल बाईंनी निरोप दिला, "त्यांनी फोन केला होता. म्हणाल्या, त्या मुलीला पाठवा, कोरी कार्डं घेऊन."

मावशी दाराशी उभ्या होत्या. मी बसायच्या आतच त्यांनी एक नाव सांगितलं. अक्षरं एकेक करून सांगितली. "लिही."

"हे कोण?"

"चौदांपैकी एक. त्या उन्हाळ्यात मी आठ वर्षांची होते, वडील मला शूटिंगला न्यायचे. दुपारी सगळे सावलीला बसले की हा माणूस गवताचं पातं अंगठ्यांमध्ये धरून शीळ वाजवायचा. मलाही शिकवलं त्याने. नाव त्यानेच सांगितलं होतं. एकोणऐंशी वर्षं ते माझ्यापाशी होतं. कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही." मग त्या म्हणाल्या, "बाकीचे तेरा आता तू आणि मी शोधायचे."

त्यांना एवढंच आठवत होतं की ती माणसं टेक्सासशेजारच्या ओक्लाहोमा राज्यातून आली होती, आधी घोडेस्वारांच्या एका फिरत्या खेळात काम करून. जमातीचं नावही त्यांना ठाऊक होतं. त्या जमातीचं एक साप्ताहिक निघतं, हे ग्रंथपाल बाईंनी शोधून काढलं. मी संपादकांना पत्र लिहिलं : कोण आहोत, काय हवंय, का हवंय. मावशींनी खाली सही केली, अंदाजाने, ओळ सोडून. पत्र छापलं गेलं की नाही तेही कळलं नाही. दोन महिन्यांनी दुसरं लिहिलं. नंतर तिसरं, या वेळी सोबत वहीच्या पानाची प्रत.

तिसऱ्या पत्रानंतर एका शनिवारी फोन आला. पुरुषाचा सावकाश आवाज. "तुमच्या त्या चौदांमध्ये माझे आजोबा होते असं मला वाटतं," तो म्हणाला. "माझ्याकडे एक फोटो आहे." त्याला मी पोस्टाने प्रत पाठवायला सांगितलं. "प्रत नाही," तो म्हणाला. "मी येईन. तो सिनेमा कुठे बघायला मिळेल का?"

मिळण्यासारखा होता, थोडासा. मावशींच्या वडिलांचे बहुतेक सिनेमे नष्ट झालेत. जुनी फिल्म पेट घ्यायची, नाहीतर सडून जायची, आणि कुणाला तिची किंमत नव्हती. पण त्या उन्हाळ्याच्या सिनेमाची एक प्रत हॉलंडला गेली होती आणि तिथेच राहून गेली होती. पाचांपैकी तीन रिळं शिल्लक होती, आणि एका संग्रहालयाने आमच्या विनंतीवरून त्यांची व्हिडिओ कॅसेट करून पाठवली होती. मधल्या, संवाद लिहिलेल्या पाट्या सगळ्या डच भाषेत. ती आम्ही अजून लावलीच नव्हती. मावशी म्हणायच्या, मला दिसणार नाही, आणि तुला घोडे कळत नाहीत.

तो आला रविवारी दुपारी, चार तास गाडी चालवून. पन्नाशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, शाळेच्या बस दुरुस्त करणारा माणूस. मावशींनी केक केला होता, म्हणजे मला करायला लावला होता. त्याने टोपी काढली, मावशींचा हात हातात घेतला आणि बसायच्या आधी सांगून टाकलं, "मी कुणाची माफी ऐकायला आलो नाही. मला फक्त आजोबांना बघायचंय."

"मी माफी मागणारही नव्हते," मावशी म्हणाल्या. "मला फक्त नावं हवी आहेत."

त्यानंतर दोघांचं बरं जमलं.

आधी त्याने सोबत आणलेला फोटो बाहेर काढला. एका कुंपणापुढे उभी असलेली चौदा माणसं, काही पिसांच्या मुकुटात, काही साध्या शर्टात. मागच्या बाजूला त्याच्या आजीने शाईने नावं लिहिली होती. पाच जागी शाई ओलीने पसरली होती. नऊ नावं नीट वाचता येत होती, आणि मावशींनी सांगितलेलं नाव त्यांतलं तिसरं होतं. मी ते वाचलं तेव्हा मावशींनी मान हलवली आणि हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

मी कॅसेट लावली. मावशी टीव्हीसमोर नेहमीप्रमाणे ताठ बसल्या, मान थोडी वळवून, म्हणजे कडेने जे काही दिसेल ते दिसावं. तो त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर. घोड्यांचा मोठा घोळका टेकडीवरून उतरला आणि तो पुढे वाकला.

"ते बघा," तो म्हणाला, आणि लगेच ओशाळला. "माफ करा."

"सांग मला," मावशी म्हणाल्या. "नीट सांग. काय दिसतंय?"

"माझे आजोबा उजवीकडून घोड्यावर चढायचे. सगळे डावीकडून चढतात. हा माणूस उजवीकडून चढला. तेच आहेत." त्याने खुर्ची पुढे ओढली. "आता धावतायत. पांढऱ्या तोंडाचा घोडा आहे."

"डाव्या कानाला ठिपका?" मावशींनी विचारलं.

"हो."

मावशींनी त्या घोड्याचं नाव सांगितलं. तो घोडा नेहमी डावीकडे पडायचा. आणि खरोखर, गोळी लागली, घोडा डावीकडे कोसळला आणि स्वार वाळूवर गडगडत गेला. "मेले," तो म्हणाला. पाच मिनिटांनी तो ओरडला, "नाही, हे बघा, परत आले." आजोबा दुसऱ्या घोड्यावर होते. तिथेही मेले. मग घोडदळ आलं, निळ्या गणवेशातले सैनिक टोळीचा पाठलाग करत, आणि दुसऱ्या रांगेत टोपी कपाळावर ओढलेला एक शिपाई उजवीकडून घोड्यावर चढला.

तो टीव्हीजवळ गेला. "हे तर स्वतःचाच पाठलाग करतायत."

मावशी हसायला लागल्या. "माणसं कमी पडायची," त्या म्हणाल्या. "सकाळी गोळ्या खायच्या, दुपारी गणवेश घालून झाडायच्या." मग तोही हसला, अगदी पोट धरून. तीन रिळं संपली तेव्हा आजोबा तीनदा मेले होते. त्याने विचारलं, परत लावाल का? आम्ही ती कॅसेट त्या दुपारी तीनदा पाहिली. प्रत्येक वेळी तो मावशींना सांगत होता आणि मावशी त्याला घोड्यांची नावं सांगत होत्या.

निघताना तो दारात थांबला. "ही नावं तुमच्या कागदांमध्ये लिहा. पण छापू नका. ज्यांची आहेत त्यांच्या घरच्यांना आधी विचारलं पाहिजे, आणि ते मी विचारीन." आम्ही ते मान्य केलं, आणि म्हणूनच इथेही मी ती लिहिलेली नाहीत.

कोशाच्या संपादकांना मी कळवून पाहिलं. त्यांनी सौजन्याने लिहिलं की घोडेस्वारांच्या नावांसाठी जागा नाही. मावशी म्हणाल्या, "ठीक आहे. मग आपण आपली जागा करू." खोकी ज्या विद्यापीठाला द्यायची होती तिथल्या अधिकाऱ्याला त्यांनी माझ्याकडून पत्र लिहवून घेतलं. अट एकच : पहिल्या खोक्यातली पहिली फाइल त्या चौदांची असेल, वडिलांची दुसरी. अधिकारी म्हणाला, संग्रह दिग्दर्शकाच्या नावाचा आहे, अशी पद्धत नाही. मावशींनी फोन मागितला आणि सांगितलं की पद्धत नसेल तर खोकी गॅरेजमध्येच बरी. पंधरा दिवस त्यांनी काहीच केलं नाही, मलाही करू दिलं नाही. सोळाव्या दिवशी त्याने होकार कळवला.

मावशी त्यानंतर दीड वर्षाने गेल्या, झोपेत. त्याच वर्षी माझा स्वतःचा व्हिसा झाला आणि मी ग्रंथालयशास्त्र शिकायला दाखल झाले. अर्जात मागच्या कामाबद्दल विचारलं होतं, तिथे मी या सूचीबद्दल दोन पानं लिहिली होती.

ओक्लाहोमाच्या त्या साप्ताहिकाला मी दर वसंतात एक पत्र पाठवते, सोबत फोटोची प्रत, ज्यांची नावं पसरली त्यांच्या चेहऱ्यांभोवती पेन्सिलने गोल करून. आजवर दोन नावं आणखी मिळाली. एक एका पणतीकडून आलं, आणि एक चर्चच्या जुन्या वहीतून, तेही त्या बस दुरुस्त करणाऱ्या माणसानेच शोधून दिलं. तीन चेहऱ्यांची कार्डं अजून कोरी आहेत. यंदाचं पत्र मागच्या सोमवारी टाकलं.